पोट दुखतंय, पण रिपोर्ट नॉर्मल आहे

जून उजाडून शाळा सुरू झाल्या, की पंधरा-वीस दिवसांत आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका ठरावीक पोटदुखीचे पेशंट यायला लागतात. वय तेरा ते सतरा. दुखणं बेंबीच्या आसपास. सकाळी उठल्यावर सुरू होतं, दहा-अकरापर्यंत टिकतं. रविवारी बहुधा नसतं, सोमवारी हटकून असतं. दिवाळीच्या सुट्टीत थांबतं, सहामाहीचे पेपर हातात मिळायच्या सुमारास परत येतं आणि मे महिन्यात जणू गावाला जातं. पोटाला कॅलेंडर वाचता येत नाही. ज्या मुलाचं ते पोट आहे, त्याला येतं.

मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी आईबरोबर आली. आईच्या हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात तीन सोनोग्राफी, दोन वेळच्या रक्त-लघवीच्या तपासण्या आणि जंताच्या गोळ्यांपासून आम्लपित्ताच्या औषधापर्यंत चार डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. आई शेतमजुरी करते. एकेका सोनोग्राफीमागे तिची कित्येक दिवसांची मजुरी गेली होती. ती म्हणाली, ‘‘साहेब, सगळे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहे. मग हिचं दुखतं कशानं?’’ आणि मग आवाज खाली आणून, ‘‘का नाटकं करते ही?’’ मुलगी मान खाली घालून स्वतःच्या चपलेकडे पाहत होती.

मी तपासलं. वजन उतरलेलं नव्हतं, ताप नव्हता, पोट मऊ होतं. मग आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. सिस्टर खोलीतच थांबल्या. मी विचारलं, ‘‘बाळा, शाळेत डबा कुणाबरोबर खातेस?’’ बराच वेळ काही उत्तर आलं नाही. मग ती म्हणाली, ‘‘नाही खात. तसाच परत आणते.’’

हळूहळू कळलं ते असं. दोन महिन्यांपूर्वी एका मैत्रिणीशी भांडण झालं होतं. तिचा एक फोटो कुणीतरी मुलींच्या ग्रुपवर टाकला, त्याखाली हसण्याची चित्रं आली आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाकावर कुणी बसेना. मधल्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीजवळ उभी राहायची, घंटा होईपर्यंत. आईला वाटत होतं, पोट दुखतं म्हणून डबा परत येतो. खरं उलटं होतं. डबा एकटीनं खायचा म्हणून पोट दुखत होतं.

ही गोष्ट एका मुलीची आहे, पण आमच्या खोलीत ती वेगवेगळ्या गणवेशांत येते. कधी पोटदुखी, कधी डोकेदुखी, कधी छातीत धडधड, कधी ‘हातापायांत जीवच नाही’. शाळकरी मुलांच्या मनाच्या आरोग्याबद्दल आपण बोलतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर मानसोपचारतज्ज्ञ येतो. प्रत्यक्षात ती मुलं आधी आमच्यासारख्या साध्या फिजिशियनच्या, गावातल्या फॅमिली डॉक्टरच्या किंवा मेडिकलच्या दुकानदाराच्या दारात येतात. आणि तिथून बरीचशी ‘काही झालेलं नाही’ हे वाक्य घेऊन परत जातात.

दुखणं खोटं नसतं

पहिली गोष्ट आईबापांनी, शिक्षकांनी आणि आम्ही डॉक्टरांनीही पक्की समजून घ्यायला हवी. रिपोर्ट नॉर्मल असणं म्हणजे दुखत नसणं नव्हे. सोनोग्राफीत खडा दिसतो, गाठ दिसते, सूज दिसते. धास्ती दिसत नाही.

आपल्या आतड्यांना मज्जातंतूंचं स्वतःचं मोठं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात. आतड्यांची हालचाल बदलते, कधी वाढते, कधी मंदावते. हेच रोज होत राहिलं, तर आतड्यांच्या नसा हळव्या होतात. एरवी जाणवलाही नसता असा साधा वायूसुद्धा कळ आणतो. मुलाखतीच्या सकाळी दोन-तीनदा संडासला धावलेल्या कुणाही मोठ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. फरक इतकाच, की आपली मुलाखत एकदा होते. काही मुलांची रोज सकाळी साडेसहाला होते.

वैद्यकशास्त्रात याला ‘फंक्शनल’ पोटदुखी म्हणतात. म्हणजे अवयवाची रचना ठीक आहे, कामकाज बिघडलंय. शाळकरी वयात ती अजिबात दुर्मीळ नाही. जगभरातल्या पाहण्यांत दहातल्या साधारण एका मुलाला ती आढळते. म्हणून अशा मुलाला ‘नाटक करतो’ म्हणणं हे नुसतं निष्ठुर नाही, वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. साधारण वीस वर्षांपूर्वी दहावीतल्या एका मुलाला त्याचे वडील डोकेदुखीसाठी घेऊन आले. रक्तदाब पाहिला, डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केली, चष्म्यासाठी नेत्रविभागात पाठवलं. सगळं ठीक निघालं. बाहेर शंभर माणसांची रांग होती. मी त्या मुलासमोरच वडिलांना म्हणालो, ‘‘काही झालेलं नाही, अभ्यास टाळायला करतोय.’’ वडील हसले, मी हसलो, शेजारी उभा असलेला इंटर्नही हसला. मुलगा हसला नाही. तो परत आला नाही, आणि परत आला नाही याचा अर्थ बरा झाला असाच मी घेतला.

काही वर्षांपूर्वी एक तरुण आपल्या वडिलांना आमच्या वॉर्डात दाखल करायला आला. जाताना म्हणाला, ‘‘सर, तुम्ही मला ओळखलं नसेल.’’ त्यानं त्या वर्षी शाळा सोडली होती. घरात रोज रात्री भांडणं असायची, झोप नव्हती, वर्गात डोकं ठणकायचं. तो म्हणाला, ‘‘तुम्ही तसं म्हणालात ना, त्यानंतर घरात काहीही बोललो की बाबा म्हणायचे, डॉक्टरांनीच सांगितलंय.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून मी ‘काही झालेलं नाही’ हे वाक्य वापरत नाही. ‘तपासण्यांत धोक्याचं काही नाही, पण दुखतंय हे खरं आहे. आता ते कशानं वाढतं ते शोधू’, एवढं म्हणतो. त्याला अर्धा मिनिट जास्त लागतं.

ही मुलं कोणत्या विभागाची?

आमच्याकडे साधारण बारा वर्षांपर्यंतचं मूल बालरोग विभागात जातं. त्यानंतर ते आमच्या, म्हणजे मोठ्यांच्या ओपीडीत येतं. एका बाजूला मधुमेहाचे आजोबा, दुसऱ्या बाजूला दम्याच्या काकू आणि मध्ये दप्तर मांडीवर घेतलेली चौदा वर्षांची मुलगी. तिचं औषध मोठ्यांचं, बाक मोठ्यांचा, पण बोलायचा अधिकार मात्र आईचा. ‘काय होतंय’ हा प्रश्न मी मुलीला विचारतो आणि उत्तर नेहमी आई देते.

समाजातही त्यांची जागा अशीच मधली आहे. हे वय नेमकं काय असतं, ते थोडक्यात सांगतो. भावना पेटवणारा मेंदूचा भाग या वयात जोरात कामाला लागलेला असतो, आणि विचार करून आवर घालणारा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत राहतो. म्हणजे गाडीला वेग आलेला असतो, ब्रेक अजून बसवले जात असतात. मित्रांच्या नजरेत आपण कोण, हा प्रश्न या वयात जेवणाइतका महत्त्वाचा असतो. म्हणून ‘एवढ्याशा गोष्टीवरून काय रडतेस’ हे वाक्य त्यांना कळत नाही. त्यांच्यासाठी ती गोष्ट एवढीशी नसतेच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात १० ते १९ वयोगटातल्या दर सात मुलांमागे एकाला कोणता ना कोणता मानसिक आजार असतो. हे अर्थातच सरासरीचं गणित आहे. पण साठ मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आणा आणि हिशेब करा. आपल्या देशात २०२२ या एका वर्षात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं, ही राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची नोंद आहे, आणि त्यात महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक राज्यांमध्ये आहे. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी असते आणि कोणत्याही एका कारणाला, एका परीक्षेला बोट लावणं सोपं असलं तरी बरोबर नसतं. पण यातली अनेक मुलं आधी कुणाकडे तरी काहीतरी दुखतंय म्हणून गेली असतील, असं मला माझ्या खुर्चीवरून वाटत राहतं.

‘आमच्या वेळी असं नव्हतं’

असं काही बोललं, की माझ्याच वयाचे मित्र म्हणतात, ‘‘आम्ही छड्या खाल्ल्या, अंगठे धरून उभे राहिलो, आम्हाला काय झालं?’’ मी त्यांना एक प्रश्न विचारतो. तुमच्या पाचवीच्या वर्गात किती मुलं होती आणि त्यांतली किती दहावीला तुमच्याबरोबर बसली? जी मध्येच गळाली, ती का गळाली, हे आपण कधी विचारलं नाही. ‘त्याचं डोकंच चालत नव्हतं’, ‘तिचं लग्न झालं’, ‘तो गुरं राखायला गेला’ एवढ्यावर विषय संपला. आम्हाला काही झालं नाही, असं जी मुलं टिकली तीच म्हणू शकतात. जी टिकली नाहीत, ती या गप्पांना नसतात.

पण त्या मित्रांच्या म्हणण्यात एक तथ्य आहे आणि ते नाकारू नये. प्रत्येक उदासी हा आजार नाही. परीक्षेआधी छाती धडधडणं, मित्राशी भांडल्यावर दोन दिवस जेवण न जाणं, हरल्यावर रडणं, हे निरोगी मनाचं लक्षण आहे. त्यावर गोळी नको, लेबल तर मुळीच नको. मुलाच्या वाटेतला प्रत्येक खडा आपण उचलून टाकला, तर त्याला ठेच लागल्यावर सावरणं कधी येणारच नाही. काळजी कधी करायची, तर बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला आणि झोप, भूक, अभ्यास, मित्र यांपैकी दोन-तीन ठिकाणी दिसायला लागला, तेव्हा. खेळायला जाणारा मुलगा जाईनासा झाला, गप्पिष्ट मुलगी गप्प झाली, हातावर फुलशर्टाची बाही उन्हाळ्यातही खाली राहायला लागली, तेव्हा.

आणखी एक व्याख्यान नको

फेब्रुवारी आला की शाळांकडून मला बोलावणं येतं. विषय ठरलेला असतो, ‘तणावमुक्त परीक्षा’. नारळ, शाल, फलक आणि सभागृहात किंवा मैदानात मांडी घालून बसलेली पाचशे मुलं. मी बरीच वर्षं ही व्याख्यानं दिली. वेळापत्रक करा, बदाम खा, दीर्घ श्वास घ्या. टाळ्याही मिळाल्या.

एका शाळेत मी शेवटी कागदाचे तुकडे वाटले आणि नाव न लिहिता प्रश्न लिहायला सांगितले. परीक्षेबद्दल, पाठांतराबद्दल विचारणाऱ्या चिठ्ठ्या फार थोड्या निघाल्या. एकानं लिहिलं होतं, बाबा दारू पिऊन येतात, मग अभ्यास कुठं करू? एका मुलीनं लिहिलं होतं, सर मला सगळ्यांसमोर रंगावरून हाक मारतात. एकानं विचारलं होतं, मला रात्री तीन-तीन वाजेपर्यंत झोप येत नाही, मी वेडा होतोय का? आणि एका चिठ्ठीवर प्रश्नच नव्हता. लिहिलं होतं, ‘माझ्याशी कुणी बोलत नाही.’ मी तासभर बदामांवर बोललो होतो.

मुलांना मन सांभाळायला शिकवायचं असेल, तर आधी त्यांना सांगायला माणूस हवा. माझं मत असं आहे, की शाळेत आणखी एका ‘उपक्रमा’ची, आणखी एका ‘सप्ताहा’ची गरज नाही. गरज आहे ती ठरलेल्या वारी, ठरलेल्या खोलीत, ठरलेल्या एका माणसाची, ज्याचं काम फक्त ऐकणं आणि मार्ग शोधायला मदत करणं हे आहे.

हे माझं स्वप्नरंजन नाही, त्याला आधार आहे. मूळच्या गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेच्या संशोधकांनी बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काही शाळांत खास प्रशिक्षण दिलेला, पण मानसोपचाराची पदवी नसलेला समुपदेशक नेमला. काही शाळांत तेच काम शाळेतल्याच शिक्षकावर सोपवलं. उरलेल्या शाळांत नेहमीचाच कार्यक्रम चालू ठेवला. जिथं वेगळा समुपदेशक होता, तिथं शाळेचं एकूण वातावरण सुधारलं, मुलांमधली नैराश्याची लक्षणं, दादागिरी आणि मारामाऱ्या कमी झाल्या. जिथं काम शिक्षकावर टाकलं, तिथं फरक पडला नाही.

या निष्कर्षातून दोन गोष्टी दिसतात. एक, या कामाला प्रत्येक शाळेत मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. तितके तज्ज्ञ आपल्याकडे नाहीतच. मन लावून प्रशिक्षण घेतलेला साधा पदवीधरही हे करू शकतो. दोन, हे काम शिक्षकांच्या गळ्यात मारून चालणार नाही. आमचे शिक्षक आधीच निवडणुकीची यादी, पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती भरणं यांत गुरफटलेले आहेत. शिवाय जो माणूस गुण देतो आणि हजेरी घेतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळं करेलच असं नाही. यात शिक्षकाचा दोष नाही, ती खुर्चीच तशी आहे.

सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं त्यात म्हटलं आहे. सूचना चांगल्या आहेत. भीती एवढीच, की त्या ‘समुपदेशन कक्ष’ अशा पाटीपुरत्या उरतील आणि पाटीखालची खोली भूगोलाचे नकाशे ठेवायला वापरली जाईल.

आपल्याकडच्या कित्येक जिल्हा परिषद शाळांचा पट शंभरच्या आत आहे. त्यांच्यासाठी केंद्रशाळेला एक समुपदेशक द्यावा आणि त्यानं आठवड्याचे वार वाटून प्रत्येक शाळेत जावं, हे अवघड नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक २०१३ पासून शाळांत जाऊन मुलांचे दात, डोळे, रक्तक्षय तपासतं. त्या तपासणीत दोन प्रश्नांची भर घालायला काय हरकत आहे? रात्री झोप लागते का? आणि शाळेत तुझ्याशी बोलणारं कुणी आहे का? १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ मध्ये सुरू झाला, त्याखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी वेगळी क्लिनिक आहेत. आपल्या राज्यात त्यांना ‘मैत्री’ असं छान नाव आहे. पण ती आहेत, हे किती दहावीतल्या मुलांना माहीत आहे? किती मुख्याध्यापकांना?

झोप आणि साडेसहाची घंटा

ज्या एका गोष्टीवर पैसा लागत नाही, ती झोप. तेरा ते अठरा वयाच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी असते. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढं सरकतं. झोपेचं मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा पाझरायला लागतं, म्हणून अकराच्या आत डोळा लागत नाही. हा आळस नाही, हे जीवशास्त्र आहे. त्यात उशाशी मोबाइल आला, की एक वाजतो. सकाळी सातची शाळा असेल, तर साडेपाचला उठवलं जातं. उरली साडेचार तास झोप. अशा मुलाला आपण ‘चिडचिडा झालाय’, ‘लक्ष लागत नाही’ म्हणतो.

राज्य सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय घेतला. लहानांचा विचार झाला, ते योग्यच. पण जीवशास्त्र पाहिलं, तर उशिरा शाळेची खरी गरज आठवी ते बारावीच्या मुलांना आहे. चौथीतलं मूल रात्री नऊला झोपू शकतं. दहावीतलं नाही. बस, क्लास, दोन सत्रं या अडचणी मला माहीत आहेत. तरी हा विषय एकदा मोठ्यांच्या शाळांपर्यंत न्यायला हवा.

पालकांनो, मुलांनो

पालकांना माझं सांगणं थोडकं आहे. शाळेतून आल्याबरोबर ‘किती मार्क पडले’ विचारू नका. ‘आज डब्याला कोण होतं’ विचारा. मूल बोलायला लागलं की उपाय सांगायची घाई करू नका, आपल्या लहानपणाची उदाहरणं तर अजिबात नकोत. भावंडाशी, शेजारच्या मुलाशी तुलना थांबवा. रात्री घरातले सगळे मोबाइल, तुमचाही, एका ठिकाणी ठेवा. आणि मूल ‘जगावंसं वाटत नाही’ अशा अर्थाचं काही बोललं, तर हसण्यावारी नेऊ नका, रागावूही नका. ‘मरायचे विचार येतात का’ असं सरळ, शांतपणे विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं मुलाला कळतं, की हे बोलता येतं. मग त्याला एकटं सोडू नका. घरातली कीटकनाशकं, औषधांचा साठा त्याच दिवशी कुलपात ठेवा आणि त्याला रुग्णालयात आणा. पोलीस, बदनामी यांच्या भीतीनं अनेक घरं गप्प बसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, असा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच कायदा धरून चालतो. तिला शिक्षा नव्हे, उपचार द्यायचे असतात.

मुलांनो, हा कॉलम तुम्ही वाचत असाल तर दोन शब्द तुमच्यासाठी. तुम्हाला जे दुखतंय ते खरं आहे. सकाळी पोटात गोळा येतो, रडू येतं, कशातच मन लागत नाही, यात लाज वाटण्यासारखं काही नाही. वेडे होताय असंही नाही. पण ते एकट्यानं ओढत राहू नका. एक मोठं माणूस शोधा. आई-बाबा नसतील तर मावशी, आत्या, आजोबा, एखाद्या बाई, एखादे सर. तोंडानं सांगता येत नसेल तर चिठ्ठी लिहून द्या. पहिल्या माणसानं ऐकलं नाही, तर दुसऱ्याला सांगा. मोठी माणसंही चुकतात, हे मी वर लिहिलंच आहे. रोज थोडं खेळा किंवा चाला, उन्हात जा, वेळेवर झोपा, न्याहारी करून निघा. हे उपाय साधे आहेत, पण शरीरावर त्यांचा परिणाम होतो. आणि तुमच्या वर्गात कुणी मधल्या सुट्टीत एकटं उभं असेल, तर आपला डबा घेऊन त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्यासाठी त्याच्याशी घट्ट मैत्री असायला हवी असं नाही.

डॉक्टर म्हणून एक इशारा. प्रत्येक पोटदुखी मनाची समजू नका. वजन कमी होत असेल, रात्री झोपेतून उठवेल इतकं दुखत असेल, ताप, सतत उलट्या, शौचात रक्त असेल, दुखणं बेंबीपासून दूर एकाच बाजूला असेल, तर तपासण्या लागतातच. आधी तपासा. मात्र एकदा नीट तपासून झाल्यावर चौथी सोनोग्राफी करू नका, त्यापेक्षा पाच मिनिटं मुलाजवळ बसा.

त्या नववीतल्या मुलीचं पुढं काय झालं? तिच्या परवानगीनं मी आईला सांगितलं. आई आधी चिडली, मग रडली, मग म्हणाली, ‘‘मग हिला गोळी कोणती?’’ गोळी नव्हती. आमच्या समुपदेशक ताईंकडे ती चार-पाच वेळा आली. वर्गशिक्षिकेला निरोप गेला. त्या बाईंनी वर्गात कुणाला झापलं नाही, भाषण केलं नाही. बाकांची जागा सगळ्यांचीच बदलली आणि मधल्या सुट्टीत वाचनालयाची पुस्तकं लावायचं काम हिला आणि आणखी दोघींना दिलं. तो फोटो काढायला लावला. पोट लगेच थांबलं नाही. दिवाळीनंतरही दोनदा दुखलं. जानेवारीत ती नुसती भेटायला आली. पोटाचं विचारलं, तर म्हणाली, ‘‘कधीकधी.’’ डब्याचं विचारलं, तर आईच म्हणाली, ‘‘आता परत नाही येत, साहेब. उलट दोन पोळ्या जास्त मागते, मैत्रिणीसाठी.’’

सगळ्यांचं असं होत नाही. तिला ऐकणाऱ्या सिस्टर मिळाल्या, समजूतदार बाई मिळाल्या, आमच्या रुग्णालयात त्या दिवशी समुपदेशक रजेवर नव्हत्या. एवढे योगायोग जुळले म्हणून एक मूल सावरलं, याचं समाधान कमी आणि काळजीच जास्त वाटते. मुलांचं मन योगायोगावर सोडायचं नसेल, तर येत्या जूनमध्ये आपल्या शाळेच्या पहिल्या पालकसभेत गणवेश आणि फीबरोबर एक प्रश्न विचारा. माझ्या मुलाला काही सांगायचं असेल, तर या शाळेत तो कुणाकडे जाईल? त्या माणसाचं नाव आणि त्याचा वार मागा.

तोवर, आणि त्यानंतरही, दोन क्रमांक घरात कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६, जो दिवसरात्र मोफत चालतो आणि जिथं मराठीतून बोलता येतं. आणि संकटातल्या मुलांसाठीचा १०९८.